बिनइस्त्रीच्या सोमवारचे इस्त्रीवाले

उत्तरेश्वरमामा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, कॉलरकडे बघतात. कर्वेनगरातल्या आमच्या शीतलबाग सोसायटीत त्यांना अकरा वर्षं झाली. फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला, पंपाच्या खोलीला टेकून, वर पत्रा आणि खाली टेबल, एवढंच त्यांचं दुकान. चव्वेचाळीस बिऱ्हाडांपैकी निम्म्यांची तोंडं त्यांना अजून ओळखू येत नाहीत, पण हाताखालून एकदा गेलेला कपडा ते विसरत नाहीत. रस्त्यात तुम्ही समोरून गेलात तर ओळख देणार नाहीत. त्याच रस्त्यावर तुमचा शर्ट तुमच्या भावाच्या अंगात दिसला तर मात्र थांबून विचारतील, "हा तुमच्याकडं कसा?"

वय पंचावन्नच्या आसपास, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली, आणि अंगात कायम बिनइस्त्रीचा सदरा. का, असं कुणी विचारलं की म्हणतात, "हलवाई कधी पेढे खाताना दिसलाय का?"

गाव तेरणेच्या काठचं, धाराशिवकडचं. घराणं परटाचं. नदी आठ महिने वाहायची तेव्हा गावाचं धुणं यांच्या घरात होतं. मग ती सहा महिने वाहायला लागली, मग पावसाळ्यापुरती, मग पावसाळ्यातही विचार करून.

"धुण्याचा दगड अजून हाय तिथं," मामा सांगतात. "पाणी तेवढं उठून गेलं."

"मग टँकर यायचा ना?"

"यायचा की. टँकरच्या पाण्यात परीट कपडे धुवायला बसला, तर गाव आधी परटाला धुईल."

म्हणून धुणं गावाला राहिलं आणि इस्त्री पुण्याला आली. निम्मा धंदा गावी ठेवून आलोय, असं ते एखाद्या नातेवाइकाबद्दल सांगावं तसं सांगतात.

उन्हाळा कधी सुरू झाला, हे बाकीच्यांना बातम्यांतून कळतं, मामांना कपड्यांतून. शर्टाच्या पाठीवर घाम वाळला की मिठाची पांढरी रेघ उठते, आणि ती मशीनच्या धुण्यात पुरती जात नाही. ही रेघ पूर्वी होळीच्या पुढेमागे यायची. यंदा रथसप्तमीलाच आली. दिवाळीनंतर महिनाभर स्वेटर वाफेला यायचे. आता येतात ते फक्त महाबळेश्वरला जाऊन आलेले. आणि काही शर्टांना बारा महिने रेघ नसते. घर गार, गाडी गार, ऑफिस गार. "त्या लोकांना उन्हाळा आलाय हे कुणीतरी चिठ्ठी पाठवून कळवावं लागंल," मामा म्हणतात. कुणाचे शर्ट, ते सांगत नाहीत. त्यांच्या वडिलांनी धंद्याबरोबर एक नियम दिला होता: परटानं डाग काढावा, डागाचं गाव विचारू नये. आणि विचारलं नाही तरी कळतंच, तर निदान दुसऱ्याला सांगू नये.

कामाची त्यांची एक रीत आहे. सकाळी दहाला बटण दाबायचं. इस्त्री कोमट असताना जॉर्जेट, शिफॉन, असलं नाजूक सगळं. मग टेरिकॉट. पुरती तापली की सुती. सुती संपत आलं की बटण बंद, आणि उरलेल्या धगीवर पोरांचे फ्रॉक, ओढण्या, सगळ्यात शेवटी रुमाल. दिवसातून एकदा तापवायची, एकदा विझवायची. कोळशाच्या इस्त्रीवर हात बसलेला माणूस. धग वाया गेली की त्यांना ताटात अन्न टाकल्यासारखं होतं. धुराची तक्रार झाली तेव्हा कोळसा गेला, वीज आली, टेबलाला वेगळा मीटर बसला. रीत तीच राहिली.

तर अशा या माणसाला आमच्या सोसायटीनं यंदा पृथ्वी वाचवायला घेतलं.

सुरुवात सी-विंगच्या उत्कर्षा कदमनं केली. हिंजवडीत नोकरी, वय तिशीच्या आत, आणि मनापासून बोलते. हे पुण्यात जरा अडचणीचंच. हवामानबदलावरचं दोन दिवसांचं शिबिर करून ती आली आणि आठवडाभर तिला झोप लागेना. एका संस्थेची 'हरित सोसायटी' नावाची स्पर्धा होती, तिचा फॉर्म घेऊन तिनं रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा बोलावली. चहा होता, त्यामुळे गणपूर्ती झाली.

उत्कर्षानं भिंतीवर एक गोल चित्र टाकलं. भाकरीसारखा गोल, त्याचे तुकडे. आपल्यासारख्या घरांतून हवेत किती धूर जातो आणि कशापायी, याचा हिशोब. मोठे तुकडे गाडीचे, एसीचे, गिझरचे, वाया जाणाऱ्या अन्नाचे.

"एकट्या माणसानं काय होणार, असं वाटतं," ती म्हणाली, "पण चव्वेचाळीस घरं म्हणजे एकटा माणूस नाही. साधं बघा. एसी सव्वीसवर ठेवायचा."

बी-विंगचे नागोराव उठले. सोसायटीचे उपाध्यक्ष. "आम्ही अकोल्याचे. सत्तेचाळीस डिग्रीत वाढलेलो आहो."

"मग तर काका, तुम्हाला सव्वीस म्हणजे थंडीच."

"जे लहानपणी सोसलं तेच म्हातारपणी सोसायचं होतं, तर पुण्यात फ्लॅट कशाला घेतला असता?"

"बरं. गाड्या. इथून हिंजवडीला रोज नऊ गाड्या जातात, प्रत्येकीत एक माणूस. चौघांनी मिळून एक..."

"कोण चौघं?" रुपालीनं विचारलं. रुपाली ए-विंगची, गाडी पांढरी, मोठी. "पार्किंगवरून ज्यांच्याशी दोन वर्षं बोलणं नाही, त्यांच्या शेजारी बसून मी चांदणी चौक ओलांडू?"

"अन्न तरी? उरलेलं..."

"आमच्याकडे उरत नाही," अध्यक्ष दत्तप्रसाद आगाशे म्हणाले. "पाहुणे जेवून येतात."

"पहिल्या मजल्यानं लिफ्ट वापरली नाही तर..."

"पहिल्या मजल्यावर गुडघे नसतात का?" मागून कुणीतरी.

भाकरी तशीच भिंतीवर राहिली. एकेक तुकडा बघून लोक मान हलवत होते, जेवायला बोलावलेल्या माणसानं एकेक पदार्थ नको म्हणावा तसं. मग आगाशेकाकांनी चष्मा वर केला आणि भाकरीच्या कडेला बोट दाखवलं. तिथं एक तुकडा होता, सुतासारखा. त्याचं नाव त्याच्या अंगावर मावत नव्हतं म्हणून बाहेर लिहून बाण काढला होता.

"हे काय आहे?"

"ते... इस्त्री. फार छोटं आहे काका."

"सुरुवात छोटीच करावी."

एकदम सगळ्यांना मोकळं वाटलं. इस्त्री कुणीच स्वतः करत नव्हतं, त्यामुळे ती सोडायला सगळे तयार होते. आठवड्यातून एक दिवस बिनइस्त्रीचे कपडे घालायचे, असं ठरलं. दिवस सोमवार, नाव 'सुरकुती सोमवार', ठराव एकमतानं. सोसायटीच्या इतिहासात याआधी एकमत झालं होतं ते फक्त भटक्या कुत्र्यांबद्दल. उत्कर्षा म्हणाली, हे ठीक आहे, पण मोठ्या तुकड्यांचं काय. आगाशेकाका म्हणाले, ते पुढच्या वर्षी.

संध्याकाळी काका टेबलापाशी आले.

"उत्तरेश्वर, तुमचं मत घ्यायला आलोय."

"कशाचं?"

"एका ठरलेल्या गोष्टीचं."

मामांनी इस्त्री उभी केली.

"सोमवारी कपडे येणार नाहीत. ते एक. दुसरं म्हणजे, प्रमाणपत्र मिळालं तर सोसायटीत एक हरित कोपरा दाखवावा लागतो, असं फॉर्ममध्ये आहे. सगळीकडे फिरून पाहिलं. हीच जागा फाटकातून दिसते."

"ही?"

"ही. अर्थात मिळालं तर. नाही मिळालं तर तुम्ही आहातच."

"म्हणजे सोसायटी जिंकली की मी उठायचं."

"असं स्पष्ट बोलायची गरज नाही," काका म्हणाले. "पण हो."

कौशल्यामामी दुपारचा डबा घेऊन वारज्याहून येतात आणि घड्या घातलेले गठ्ठे घरोघर पोचवतात. त्या दिवशी रिकामा डबा घेऊन निघताना त्यांनी ऐकलं. जागा गेली तर दुसरी मिळणं सोपं नव्हतं. शेजारच्या तीन सोसायट्यांत इस्त्रीवाले होते आणि रस्त्यावर टेबल लावलं की दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं उचलून नेतात.

"सोसायटी जिंकली तर आपण हरलो," मामी म्हणाल्या.

"तसंच."

"मग मी देवाला काय मागू?"

"काही मागू नको. घाईत काहीतरी भलतंच मागशील."

पहिला सोमवार जवळ आला. स्पर्धेला फोटो पाठवायचे होते, सगळे रहिवासी बिनइस्त्रीच्या कपड्यांत. शनिवारी दुपारी, फाटकात कुणी नाही असं बघून, आगाशेकाका पिशवी घेऊन आले.

"एक काम होतं. जरा नाजूक आहे."

पिशवीतून शर्ट निघाला. मामांनीच गुरुवारी केलेला, घडी जशीच्या तशी.

"हा चुरगळून हवाय."

"घालून झोपा."

"झोपलो. सकाळी उठलो तर तसाच. टेरिकॉट आहे."

"मग लिनन घ्या. ते दुकानातूनच चुरगळलेलं मिळतं. मोठ्या लोकांची चुरगळ हाय ती."

"परवा फोटो आहे हो."

मामांनी शर्ट उलगडला, वजन केल्यासारखा हातावर धरला. "किती चुरगळू?"

"म्हणजे... लांबून कळलं पाहिजे. पण अव्यवस्थित दिसायला नको. कॉलर सरळ ठेवा. खिसाही. मधल्या भागात काय ते हवामान."

मामांनी शर्टावर पाणी शिंपडलं, दोन्ही टोकं धरून त्याला ओल्या पंच्यासारखा पीळ दिला, सुतळीनं बांधला आणि पिळावर तापलेली इस्त्री दाबून धरली. बराच वेळ. वाफ निघाली.

काका बघत होते. "इस्त्री कशाला?"

"साधी चुरगळ अर्ध्या तासात मोडती. पक्की करायची तर इस्त्रीच लागती. टेरिकॉटला तर लई."

"म्हणजे इस्त्री न केलेलं दिसण्यासाठी..."

"दुप्पट."

काकांनी फाटकाकडे पाहिलं. "कुणाला बोलू नका."

संध्याकाळपर्यंत अकरा जण येऊन गेले, आणि अकरा जणांनी जाताना हेच वाक्य म्हटलं. रुपालीला कुडत्यावर हलकी चुरगळ हवी होती, ऑफिसात चालेल अशी. नागोराव म्हणाले, माझी थोडी जास्त ठेवा, उपाध्यक्ष आहे. रविवारी गर्दी वाढली. त्यात काही लोक निराळेच होते. त्यांना फोटोपुरती चुरगळ आणि फोटो झाल्यावर घालायला दुसरा, कडक इस्त्रीचा जोड, असे दोन्ही हवे होते. मामा दहा ते सहा उभे होते. जॉर्जेट, टेरिकॉट, सुती, सगळा क्रम मोडला; इस्त्री विझली नाही की रुमालांची पाळी आली नाही. सोमवारी टेबल बंद आणि सगळी सोसायटी गच्चीवर फोटोला उभी, प्रत्येकाच्या अंगावर एकाच हाताच्या सुरकुत्या.

असे चार सोमवार झाले. चार रविवार झाले, असं कुणी म्हणत नव्हतं.

उत्कर्षा टेबलाचा मीटर रोज बघायची आणि त्याच्या रेघा काढायची. एका मंगळवारी ऑफिसहून आल्यावर ती फोन घेऊन टेबलापाशी उभी राहिली.

"मामा, हे बघा. सोमवारी शून्य. रविवारी बघा केवढी रेघ. सुरकुती सोमवारच्या आधीच्या आठवड्यांपेक्षा आताचा आठवडा मोठा आहे. रविवारी काय होतं?"

"रविवार होतो."

"मामा."

मामा ओढणीची घडी घालत राहिले.

"पुढच्या सोमवारी परीक्षक येणार आहेत. त्या तुम्हाला विचारतील. तुम्ही खरं सांगितलंत तर प्रमाणपत्र जाईल, आणि तुमची जागा राहील. माहितीये ना?"

"ठाऊक हाय."

"मग मला सांगा तरी. कोण कोण येतं रविवारी?"

मामांनी घडी पुरी केली. मग शेजारच्या गठ्ठ्यावर नुसता हात ठेवला. वरून दिसत होता तो मोरपंखी कुडता, रविवारी कौशल्यामामींच्या हाती गुपचूप पाठवून कडक करून घेतलेला, आणि सोमवारी घालून झाल्यावर परत इस्त्रीला आलेला. उत्कर्षाचा.

ती लाल झाली. "हा... सोमवारचा जादाचा जोड होता. क्लायंट मीटिंग होती हो. व्हिडिओवर नाही, प्रत्यक्ष."

"मी काय म्हणलं का?"

"नाही."

"ज्यानं कपडा दिला त्यानं बोलावं. मी बोललो की धंदा संपला. इथला बी आणि जिथं जाईन तिथला बी."

परीक्षक बाई सोमवारी अकराला आल्या. पन्नाशीच्या, हडपसरहून दोन बस बदलून. बसमध्ये उभ्यानं आल्यामुळे त्यांची सुती साडी पदरापासून काठापर्यंत चुरगळली होती. त्या दिवशी सोसायटीच्या आवारात खरी चुरगळ तेवढी एकच होती. "परीक्षकांनी जरा नीटनेटकं यायला हवं," आगाशेकाका माझ्या कानाशी म्हणाले.

बाईंनी ओला कचरा बघितला, सुका कचरा बघितला, टाकीची गळती बघितली. मग टेबलापाशी आल्या. मामांना 'प्रमुख सहभागी' म्हणून उभं केलं होतं. मामी मागे, डबा पोटाशी धरून.

"सोमवारी काम पूर्ण बंद?"

"पूर्ण."

"तुमचा तोटा होत असेल."

"सोमवारी होतो."

बाईंनी मान वर केली. "आणि रविवारी? कपडे जास्त येतात का?"

नागोराव आभाळाकडे बघायला लागले. रुपालीनं फोन कानाला लावला. तो वाजला नव्हता. उत्कर्षा स्वतःच्या चपलांकडे बघत होती. मामींनी मामांच्या सदऱ्याचं टोक मागून ओढलं. बोला, असं, की नका बोलू, हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

"बाई," मामा म्हणाले, "कपड्याचं मालकाला विचारावं. मी नुसता हात फिरवतो."

बाई आगाशेकाकांकडे वळल्या. काकांच्या शर्टाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. कॉलर सरळ, खिसा सरळ, आणि मध्ये सुरकुत्या, सारख्या अंतरावर, मोजून लावलेल्या भातासारख्या.

"फार सुरेख पडल्यात," बाई म्हणाल्या.

"नैसर्गिक आहेत," काका म्हणाले.

बाईंनी फॉर्म उलटसुलट केला. "लोकसहभाग किती टक्के, एवढाच रकाना आहे इथे." आणि त्यांनी शंभर लिहिलं. ते खोटंही नव्हतं.

पंधरा दिवसांत प्रमाणपत्र आलं. द्वितीय क्रमांक. प्लॅस्टिकमध्ये घालून आलं.

एप्रिलच्या अखेरीला मामांनी टेबल उचललं. आगाशेकाका स्वतः उभे होते, टेबलाचा कोपरा फाटकाला लागू नये म्हणून. त्या जागी हिरवी प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली, दोन कुंड्या आल्या, खताचा एक पिंप आला आणि प्रमाणपत्रावर दिवा लागला. तो दिवसाही चालू असतो, फाटकातून दिसावं म्हणून.

मामांनी टेबल वारज्याला घरापुढे मांडलं. आमच्याकडे दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी स्कूटर निघाल्या. एकेक स्कूटर, एकेक गाठोडं, वारज्याचा पूल ओलांडून जायचं, संध्याकाळी परत आणायला जायचं. रुपाली गाडीनं जायची, एसी लावून, शेजारच्या सीटवर तीन साड्यांना पट्टा बांधून. ज्यांना एवढं जमेना त्यांनी घरच्या इस्त्र्या काढल्या. एका शर्टासाठी तापवायची, फोन आला की तशीच उभी ठेवायची. नागोरावांनी पुतण्याच्या लग्नाचा रेशमी झब्बा घरीच करायला घेतला आणि पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा जळका ठसा उमटवला. ते लग्नात भिंतीला टेकून उभे राहिले.

उत्कर्षानं पुन्हा सभा बोलावली. या वेळी भिंतीवर काही टाकलं नाही.

"आपण हरित झाल्यापासून," ती म्हणाली, "रोज पंधरा-सोळा फेऱ्या वारज्याला होतात. आणि घराघरांत तीसेक इस्त्र्या वेगवेगळ्या तापतात. आधी एक तापायची, एकदाच. इस्त्री हा फार छोटा तुकडा होता. तो आपण मोठा केला. मीही केला. त्या रविवारच्या रेघेत माझा कुडता होता. मी परीक्षकांसमोर गप्प बसले आणि मामांची जागा गेली."

सभेत असं कुणी बोलत नाही.

"एखादा शर्ट माझाही गेला असावा," आगाशेकाका अखेर म्हणाले, जणू तो आपण होऊन चालत गेला होता.

"त्यांना परत आणा बुवा," नागोराव म्हणाले. "पृथ्वीचं पृथ्वी बघेल. माझ्याकडे आता एकच झब्बा उरला आहे."

ठराव झाला. याही वेळी एकमतानं. माणसं शहाणपणानं बदलत नाहीत, हे उत्कर्षाला तेव्हा थोडं लागलं असावं. पण ती हुशार आहे. आळसानं बदलत असतील तर तसं, असं म्हणून तिनं इतिवृत्तावर सही घेतली. आणि वारज्याला आगाशेकाका, नागोराव, रुपाली आणि ती असे चौघं एकाच गाडीतून गेले. एवढ्या अंतरात रुपाली आणि नागोराव यांच्यातला पार्किंगचा वाद मिटला नाही, पण दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडानं झाला.

मामा घरापुढच्या ओट्यावर होते. पत्र्याची झळ अंगणभर पसरलेली. काकांनी प्रस्ताव मांडला: जागा परत, पूर्वीसारखी.

"पूर्वीसारखी नको," मामा म्हणाले.

काकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे?"

"बारा ते चार मी उभा राहणार न्हाई. दोन वर्षं झाली, त्या पत्र्याखाली दुपारी डोळ्यापुढं अंधारी येती. सांगितलं न्हाई. आता सांगतो."

"बरं."

"कपडे दहाच्या आत आले तर त्या दिवशी. मागनं आले तर दुसऱ्या दिवशी. एका शर्टासाठी परत तापवणार न्हाई."

"बरं."

"चादरी, टॉवेल, जीन, झोपायचे कपडे, घेणार न्हाई. चादरीला इस्त्री केली तरी माणूस रात्रभर लोळूनच उठतो."

"आवो," मामी म्हणाल्या, "निम्मं काम जाईल."

"खांदा राहील."

उत्कर्षा वही काढून लिहून घेत होती. शिबिरात दोन दिवस जे सांगितलं ते इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं, असं ती मला नंतर म्हणाली. मामांना यातलं शिबिर वगैरे काही वाटत नव्हतं. जागा अर्ध्या कामावर परत घेण्याचा धोका ते पत्करत होते, एवढंच त्यांना कळत होतं.

"माझं एक," मामी म्हणाल्या. "ती प्लॅस्टिकची हिरवळ काढा. त्या जागी करंज लावा. पत्र्यावर सावली पडंल असा."

"करंजाची पानं गाड्यांवर गळतात," काका म्हणाले.

"मग गाड्या सरकवा."

काकांनी नागोरावांकडे पाहिलं, नागोरावांनी रुपालीकडे. ज्या जागेवरून दोघांत दोन वर्षं अबोला होता, गाड्या सरकवायच्या त्या नेमक्या तिथूनच. रुपाली उन्हात उभी होती, इस्त्रीला आणलेल्या साडीच्या घडीनं वारा घेत. "सरकवू," ती म्हणाली. "पण त्यांनी पण."

आता टेबल परत आहे. काम खरंच निम्म्यावर आलं. मामी उरलेल्या वेळात शेजारच्या सोसायटीत भाज्या निवडून द्यायला जातात. हे काही कुणी प्रमाणपत्रावर लिहिलेलं नाही. करंज लावलाय. त्याची सावली सध्या एका चपलेएवढी पडते, तीही सकाळीच.

परवा आगाशेकाका बारा वाजून दहा मिनिटांनी दोन शर्ट घेऊन उतरले. टेबलावर चादर टाकलेली. मामा जिन्याखालच्या गारव्यात पाठ टेकून बसले होते.

काकांनी रोपाकडे पाहिलं. "याची सावली पत्र्यावर कधी पडणार, उत्तरेश्वर?"

"सात-आठ वर्षं तरी लागतील."

"तोपर्यंत काय करायचं?"

"चारला या," मामा म्हणाले.